सौरवीज आणि दारिद्र्य : बांगलादेशाचा अनुभव

ज्या घरी वीज नाही, त्या घराला उजेड महाग पडतो. रॉकेल वरचेवर विकत घ्यावे लागते. त्याचा प्रकाश मंद आणि धूर आरोग्यास अपायकारक. अपारंपरिक ऊर्जेने ही स्थिती कितपत पालटते, याचे उत्तर शेजारच्या बांगलादेशाच्या अनुभवातून मिळते.

नद्यांनी विभागलेल्या या देशात दूरच्या वस्त्यांपर्यंत विजेच्या तारा नेणे अवघड व खर्चाचे होते. म्हणून २००३ साली तेथील एका शासकीय वित्तसंस्थेमार्फत घरगुती सौरसंचांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. जागतिक बँकेसह अनेकांनी त्यास अर्थसाहाय्य दिले. स्थानिक संस्थांनी घरोघरी संच बसविले व त्यांची देखभाल केली. ग्राहकाने आरंभी थोडी रक्कम भरावयाची आणि उरलेली मासिक हप्त्यांनी फेडावयाची, अशी व्यवस्था होती. रॉकेलावर होणारा खर्च हप्त्याकडे वळविता येत असल्याने अनेक कुटुंबांना संच घेणे शक्य झाले. २०१८ पर्यंत ४० लाखांहून अधिक संच बसविण्यात आले आणि सुमारे दोन कोटी लोकांच्या घरी वीज आली.

यामुळे रॉकेलाचा वापर घटला, मुलांना रात्री अभ्यास करणे सोयीचे झाले, दुकाने उशिरापर्यंत उघडी राहू लागली. तथापि, दोन मर्यादाही स्पष्ट झाल्या. आरंभीची रक्कमच ज्यांना भरता येत नव्हती, ती अतिगरीब कुटुंबे बहुधा मागे राहिली. शिवाय लहान संचावर दिवे आणि मोबाईल चालतात. पिठाची गिरणी वा पाण्याचा पंप चालत नाही. दिव्याने खर्च वाचतो. उत्पन्न वाढावयाचे तर यंत्र चालविणारी वीज हवी. म्हणूनच पुढे तेथे सौरपंप बसवून शेतकऱ्यांना शुल्क घेऊन पाणी देण्याची पद्धत सुरू झाली, व डिझेलवरील अवलंबन कमी होण्याचा मार्ग खुला झाला. २०२२ साली देशात सर्वांपर्यंत वीज पोहोचल्याचे तेथील शासनाने जाहीर केले.

महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा रोखही उत्पादनाकडेच आहे : शेतकऱ्यास सिंचनासाठी दिवसा वीज मिळावी. गावोगावी अशा योजना राबविताना किती संच बसले, एवढीच नोंद पुरेशी नाही. सर्वांत गरीब घरापर्यंत वीज पोहोचली काय, आणि तिने कोणाचा रोजगार वाढला, हेही पंचायतीने पाहावयास हवे.