घरचं वर्कशॉप बांधताय? आधी हे ठरवा

बारामती-इंदापूरकडच्या मित्रांनो, शेड मारण्याआधी एवढं पाहाच!

🔧 पाया: काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्या. जोत्यात मुरूम भरून, पाणी मारून, दाबून मगच कोबा करा.

🔧 शटर: ट्रॅक्टर आत घ्यायचा तर किमान 10 फूट रुंद. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून तोंड पूर्वेला.

🔧 उजेड: वर्कबेंच उत्तरेच्या खिडकीखाली. ऊन कमी, उजेड भरपूर.

🔧 छत: पत्रा तापतो. उंची ठेवा, गरम हवेला वरून वाट द्या.

🔧 वीज: वेल्डिंगला स्वतंत्र लाइन, एमसीबी, पक्कं अर्थिंग. ठिणग्यांपासून डिझेल, रंग लांब.

शेवटी फक्कीनं जमिनीवर नकाशा आखा, ट्रॅक्टर फिरवून बघा आणि मगच खोदाईला हात घाला.