जुनं सेसना आता ‘हलकं’ झालं!

रियाधजवळच्या थुमामा विमानतळावर सौदी एव्हिएशन क्लबची छोटी विमानं दिसली की विमानवेड्यांच्या गप्पा हमखास रंगतात: स्पोर्ट पायलटला, म्हणजे फक्त छोटी, साधी विमानं उडवायचं लायसन्स असलेल्याला, कुठलं जुनं विमान चालतं?

या लायसन्सचा नियम मूळचा अमेरिकेचा. २००४ ची चौकट अशी: वजन ६०० किलोपर्यंत, आसनं दोन, इंजिन एक, चाकं न मिटणारी. त्यात १९३०-४० च्या दशकांतली पायपर जे-३ कब, एरोंका चँप, टेलरक्राफ्ट बसली. एर्कूप विमानाचं गंमतशीर: ४१५-सी चालायचं, ४१५-डी जड म्हणून बाद. आणि ‘सी’चं मान्य वजन एकदा वाढवलं की ते कायमचं बाद व्हायचं, परत कमी करून उपयोग नसायचा!

सौदी हवाई दलाचे कॅडेट ज्यावर शिकले ते सेसना १७२ तर हजार किलोंच्या वर, चार आसनी. तेव्हा साफ नापास.

ऑक्टोबर २०२५ पासून मात्र वजनाची अट गेली. फ्लॅप न उघडता स्टॉल वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत) ५९ नॉटपर्यंत हवा. त्यात १७२ आरामात बसतं. आसनं चार चालतील, पण सोबत प्रवासी एकच.

हे अमेरिकी लायसन्सपुरतं. सौदीत उडवायचं तर ‘गाका’, म्हणजे इथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे नियम आधी वाचा.