गणित जमले, तारा आखूड पडल्या

१४ फेब्रुवारी २००६ रोजी फ्रान्समधल्या तुलूझ शहरात एअरबस कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या विमानाचा पंख मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला. ए-३८० हे चार इंजिनांचे, दुमजली प्रवासी विमान. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ८० मीटर, उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ५६० टन. अशा विमानाला प्रमाणपत्र देताना एक नियम कडक पाळला जातो: प्रत्यक्ष सेवेत जास्तीत जास्त जेवढा भार येईल असे धरले आहे, त्याच्या दीडपट भार सांगाड्याने किमान तीन सेकंद पेलला पाहिजे. तुलूझच्या चाचणीत पंख आत-बाहेरच्या दोन इंजिनांच्या मधल्या भागात मोडला, तेव्हा भार १.४५ ते १.५ पटीच्या दरम्यान होता. कागदावर याचा अर्थ नापास. तरीही हा निकाल मी संगणकी सिम्युलेशनच्या बाजूने दिलेला मोठा पुरावा मानतो. हजारो सुट्या भागांचा, इंधन पोटात घेणारा हा प्रचंड सांगाडा कुठवर तग धरील याचे भाकीत आधी पडद्यावर झाले होते, आणि प्रत्यक्षातला पंख त्या भाकितापासून जेमतेम तीन टक्क्यांच्या आत मोडला. पुढे सुमारे ३० किलो जादा मजबुती देऊन, दुसरा पंख न मोडता, विश्लेषणाच्या आधारे युरोप आणि अमेरिकेच्या नियामकांनी १२ डिसेंबर २००६ रोजी या विमानाला प्रमाणपत्र दिले.

मग हेच विमान जवळजवळ दोन वर्षे उशिरा का आले? अडचण पंखात, इंजिनात किंवा वायुगतिकीत नव्हती. घोडे अडले ते विजेच्या तारांपाशी. एका ए-३८० मध्ये सुमारे एक लाख तारा असतात आणि त्यांची एकत्रित लांबी ५०० किलोमीटरच्या वर जाते. या तारा सुट्या ओढत नाहीत. त्यांचे जुडगे, म्हणजे हार्नेस, आधी मापानुसार तयार होतात आणि मग धडाच्या आत ठरलेल्या वाटेने बसवले जातात. धडाचे मोठे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला तारांसकट सज्ज होऊन तुलूझला आले, आणि जोडणीच्या वेळी ध्यानात आले की कित्येक जुडगे कनेक्टरपर्यंत पोहोचतच नाहीत. वजन वाचवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार घेतली होती. ॲल्युमिनियमची तार वळवताना वळणाची त्रिज्या वेगळी ठेवावी लागते. वळण जरा मोठे झाले की वाट लांबते, आणि शंभर वळणांनंतर तार आखूड पडते.

पाणी मुरले होते ते मात्र त्याहून खोल. हॅम्बुर्ग आणि स्पेनमधले अभियंते कॅटिया या आरेखन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते. तुलूझ आणि ब्रिटनमधले पाचवी. पाचवी आवृत्ती ही चौथीची डागडुजी नव्हती, ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती, त्यामुळे एकीकडचे मॉडेल दुसरीकडे नेताना तपशील गळत. याचा परिणाम असा की सगळ्या विमानाचा मिळून एकच विश्वासार्ह डिजिटल मॉक-अप हाताशी नव्हता. एका कार्यालयात धडातला कंस सरकला, तर दुसऱ्या कार्यालयातल्या तारेच्या वाटेला त्याची खबर वेळेत लागेलच याची खात्री नव्हती. त्यात प्रत्येक विमान कंपनीची आसने, स्वयंपाकघरे आणि करमणुकीची यंत्रणा वेगळी, म्हणजे तारांचा आराखडाही गिऱ्हाइकागणिक वेगळा. शेवटी जर्मनीहून शेकडो तंत्रज्ञ तुलूझला आणावे लागले आणि सुरुवातीच्या विमानांतले जुडगे त्यांनी हाताने नव्याने बसवले.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की माझा मुद्दा उभा राहतो. सिम्युलेशनवर विश्वास किती ठेवायचा, हे आतल्या गणितावर जेवढे ठरते त्याहून अधिक ते त्या गणिताला पुरवलेल्या नोंदींवर ठरते. फायनाइट एलिमेंट पद्धतीत अभियंता वस्तूचे लाखो लहान तुकडे करतो, म्हणजे मेश बांधतो. प्रत्येक तुकड्याला मिश्रधातूचे गुणधर्म देतो, भाग कुठे घट्ट धरलेला आहे आणि भार कुठून येतो ते सांगतो. मग संगणक समीकरणे सोडवतो. समीकरणे सोडवण्याचे काम गेल्या पन्नास-साठ वर्षांत पक्के झाले आहे. चुका होतात त्या आधीच्या टप्प्यावर: ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन घेतली, धातूचे गुणधर्म कुठल्या चाचणीतून आले, जोडणी करताना भाग ओढून बसवला जातो का, याची उत्तरे गृहीत धरली जातात आणि कुठेच लिहिली जात नाहीत. उत्पादनाच्या जीवनचक्राचे व्यवस्थापन, ज्याला उद्योगात सगळे पीएलएम म्हणतात, त्याचे खरे काम इथे सुरू होते. पहिल्या रेघेपासून भंगारात निघेपर्यंत त्या वस्तूविषयी कोणाला काय ठाऊक होते आणि ते कधी बदलले, याचा एकच हिशेब त्याने ठेवायचा असतो. पंखाच्या बाबतीत भाकीत आणि वस्तू यांचा ताळमेळ होता. तारांच्या बाबतीत दोन देशांतले दोन हिशेब होते, आणि दोन्ही आपापल्या जागी बिनचूक दिसत होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच, माणसांचा आणि राजकारणाचा होता. एअरबस १९७० मध्ये युरोपीय कंपन्यांची आघाडी म्हणून जन्मली आणि २००१ मध्ये कुठे ती एकसंध कंपनी झाली. फ्रेंच आणि जर्मन बाजूंनी आपापली हत्यारे आणि सवयी जपल्या. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि माझे म्हणणे त्यामुळे अधिकच पक्के होते. पीएलएम हे विकत आणून संगणकावर चढवायचे पॅकेज आहे, असा समज आपल्याकडेही खूप पसरला आहे. कोणती आवृत्ती अधिकृत, बदलाला मंजुरी कोणाची, तो बदल कोणाकोणाला कळलाच पाहिजे, हे निर्णय व्यवस्थापनाने घ्यायचे असतात. ते न घेता महागडी प्रणाली बसवली, तर गोंधळ फक्त अधिक वेगाने पसरतो. एअरबसमध्ये या ढिलाईची किंमत वरच्या खुर्च्यांनीही मोजली. जून २००६ मध्ये विलंबाची नवी घोषणा होताच मूळ कंपनी ईएडीएसचा शेअर एका दिवसात २६ टक्क्यांनी कोसळला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ईएडीएसचे सहप्रमुख नोएल फोरजार व एअरबसचे प्रमुख गुस्टाव्ह हुंबर्ट या दोघांनी राजीनामे दिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ए-३८० बाजारात हरले ते चार इंजिनांच्या इंधनखर्चामुळे, दोन इंजिनांची लांब पल्ल्याची विमाने पुढे निघून गेल्यामुळे; तारांचा इथे काय संबंध? प्रवासी विमानापुरते हे बरेचसे खरे आहे. पण मालवाहू आवृत्तीचे काय झाले ते पाहावे. फेडेक्सने १० मालवाहू ए-३८० मागवली होती. विलंब जाहीर झाल्यावर नोव्हेंबर २००६ मध्ये तिने ती मागणी रद्द करून बोइंग ७७७ कडे मोर्चा वळवला. मार्च २००७ मध्ये यूपीएसनेही आपली १० विमानांची मागणी मागे घेतली. मालवाहू ए-३८० पुढे कधी बनलेच नाही. म्हणजे विमानाची एक अख्खी शाखा छाटली गेली, तीही गिऱ्हाईक तयार असताना.

तिसरी गोष्ट पंखाच्या पोटातली आहे, आणि मला ती सगळ्यांत बोधक वाटते. पंखाच्या आत आडव्या बरगड्या असतात; त्यांना रिब म्हणतात. बाहेरचा पत्रा या बरगड्यांना ज्या लहान कंसांनी जोडला जातो, ते रिब फूट. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० चे एक इंजिन इंडोनेशियाच्या बाताम बेटावर फुटले. वैमानिकांच्या कौशल्यामुळे सर्व ४६९ जण सुखरूप उतरले. त्या विमानाच्या दुरुस्तीत पंख उघडल्यावर रिब फूटमध्ये बारीक तडे दिसले, आणि त्यांचा इंजिनाच्या स्फोटाशी संबंध नव्हता. शोध वाढवला तसे इतर विमानांतही तडे सापडले. जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय नियामकाने आधी २० विमानांची तपासणी सक्तीची केली, आणि फेब्रुवारीत सेवेतल्या सर्व ६८ विमानांची. कारणमीमांसेत तीन धागे एकत्र आले: कंसासाठी निवडलेला ७४४९ हा मिश्रधातू, पत्रा बसवताना कंसात शिल्लक राहणारा ताण, आणि उंचावरच्या गारठ्यात होणारे आकुंचन.

म्हणजे ज्या पंखाचे मोडण्याचे भाकीत तीन टक्क्यांच्या आत जमले, त्याच पंखात हे तडे आधी दिसले नव्हते. यावरून सिम्युलेशन कुचकामी ठरवणे अन्यायाचे होईल. मोडण्याच्या चाचणीत एकदाच येणाऱ्या प्रचंड भाराचा प्रश्न होता. रिब फूटपुढे प्रश्न होता तो कारखान्यातल्या घट्ट बसवणीचा आणि नंतरच्या हजारो उड्डाणांतल्या गारठ्या-उन्हाचा, दोन्ही मिळून. जोडणी करणाऱ्या कामगाराच्या पान्याला जाणवणारा ताण विश्लेषकाच्या लोड केसमध्ये, म्हणजे गणितात धरलेल्या भारांमध्ये, पोहोचायला वाट हवी, आणि सेवेतल्या विमानात दिसलेला तडा आरेखन विभागात परतायलाही. ती वाट ए-३८० ला एका अपघाताच्या दुरुस्तीतून सापडली, ही माझ्या लेखी या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. सापडल्यावर मात्र यंत्रणेने चोख काम केले: जुन्या विमानांवर दुरुस्ती झाली, आणि नव्या विमानांसाठी धातू व कंसाची रचना बदलली.

एवढे सगळे मोठ्यांना परवडते, भोसरी-चाकणच्या छोट्या पुरवठादाराने काय करायचे, असेही कोणी विचारील. ॲनालिसिसच्या अहवालासोबत ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक, मालाच्या लॉटचे प्रमाणपत्र आणि गृहीत धरलेल्या गोष्टींची यादी जोडायला परवाना लागत नाही. साधी वहीसुद्धा चालते. पुण्या-मुंबईतले हजारो मराठी अभियंते आज परदेशी कंपन्यांसाठी मेश बांधतात, विश्लेषणे चालवतात. त्यांच्यापुढच्या फाइलीत गृहीतकांचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो, आणि वेळेच्या दबावाखाली तो तसाच पुढे जातो. तो भरल्याशिवाय विश्लेषणाच्या निकालाचे रंगीत चित्र पाठवू नका, आणि वरिष्ठ असाल तर ते स्वीकारू नका. शेवटचे ए-३८० डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सच्या ताब्यात गेले. गिऱ्हाइकांना दिलेली एकूण विमाने २५१. उत्पादन थांबले असले तरी यांतली कित्येक अजून उडत आहेत, आणि शेवटचे विमान निवृत्त होईपर्यंत त्या प्रत्येकाच्या नोंदी वाचता येतील अशा ठेवणे कोणाला तरी बंधनकारक आहे.