पाण्याला फीत लावणारं खातं

पाऊस मोजायला सगळ्यांनाच आवडतं. मंडळनिहाय आकडे सकाळीच मोबाइलवर फिरतात, धरण किती टक्के भरलं यावर टपरीवर पैजा लागतात. जमिनीच्या पोटात किती उतरलं, ही चौकशी मात्र क्वचितच कुणी करतं. महाराष्ट्रात ते काम पन्नासहून अधिक वर्षं एक सरकारी खातं करत आलं आहे : भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नाही, म्हणून बोलताना सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून नुसतं ‘जीएसडीए’ म्हणतात.

जन्म 1972 चा, म्हणजे ऐन दुष्काळातला. खेड्यांनी हे खातं ओळखलं ते बोअरच्या गाडीमुळे आणि त्यामागून आलेल्या हातपंपामुळे. जिला लोक ‘बोअर’ म्हणतात, तिला कागदावर ‘विंधण विहीर’ म्हणतात. पण माझ्या मते या खात्याचं खरं धन बोअर नव्हेत, नोंदवह्या आहेत. राज्यभर सुमारे 3,900 निरीक्षण विहिरी ठरवून ठेवल्या आहेत. त्यांची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते. पद्धत साधी आहे : काठावरून फीत सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा, कठड्याची उंची वजा करायची. एका नोंदीला तशी फारशी किंमत नसते. तीच विहीर, तोच महिना, तीस-चाळीस वर्षं, असं झालं की त्या आकड्यांना वजन येतं. मधली दोन वर्षं गाळली तर ती पुढे कितीही पैसे खर्चून भरून काढता येत नाहीत.

आपल्याकडे हे जास्तच खरं आहे, कारण राज्याचा सुमारे चार पंचमांश भूभाग बेसॉल्टचा, काळ्या पाषाणाचा आहे. या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते मुरमात, भेगांत, मांजऱ्या खडकाच्या थरात साठतं, तेही तुटक तुटक. एका बांधावर विहिरीला पाझर आणि पलीकडच्या शेतात कोरडा खड्डा, हे इथं रोजचं. म्हणून तर नारळ नाहीतर कडुलिंबाची फांदी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याचा धंदा भूवैज्ञानिकाच्या नाकावर टिच्चून चालतो. खात्याने यावर काढलेली तोड शहाणपणाची आहे. गाव किंवा तालुका हे एकक न धरता त्यांनी राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडले, आणि प्रत्येकात पाणी वाहून जाणारा, मुरणारा आणि साठणारा भाग वेगळा ओळखला.

ऑक्टोबरची नोंद सगळ्यांत महत्त्वाची. ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात, पावसाची तूट शेजारी मांडतात आणि कुठल्या गावांना कधी टंचाई भासेल याचा अंदाज शासनाला देतात. टँकर, विहीर अधिग्रहण, तात्पुरती नळयोजना यांची तयारी त्यावरून सुरू होते.

एवढं असून मोजणीला हक्काचा पैसा मिळायची मारामार. बंधाऱ्यावर कोनशिला बसते, मे महिन्यातल्या नोंदीवर कुणाचं नाव कोरायचं? या कामाला जोर आला तो बराचसा जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पांतून. 1995 साली जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला, 2006 पासून त्याचा दुसरा टप्पा आणि 2016 मध्ये सुमारे 3,680 कोटींचा राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प. त्यांतून पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजण्यासाठी घेतलेल्या विंधण विहिरी आल्या, आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं आली. यंत्र बसवायला प्रकल्प पुरतो. पुढे त्याची बॅटरी बदलायची ती मात्र नेहमीच्या तरतुदीतून.

अटल भूजल योजनेने यात एक नवी गोष्ट आणली. 6,000 कोटींची ही योजना, निम्मा वाटा जागतिक बँकेचा. महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी ती 2020 पासून पाच वर्षांकरता आखली गेली. पैशाचा मोठा भाग कामगिरीला बांधला : पातळीचे आकडे लोकांसमोर मांडले का, गावाने पाण्याचा ताळेबंद केला का, घसरण मंदावली का. कल्पना मला पटते, धास्तीही वाटते. आकड्यावर पैसा मिळणार म्हटलं की फीत धरणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट निराळी. तिथं ताळेबंद ग्रामसभा मांडते, पाणी पाहून पीक ठरवते, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला गावानेच बंदी केली आहे. खोटा आकडा लिहिला तर नुकसान गावाचंच.

कायदे आहेतच. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर घेता येत नव्हती. त्याच्या जागी 2009 चा भूजल कायदा 2014 मध्ये अमलात आला. त्याने 60 मीटरहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून शेती आणि उद्योगासाठी तिच्यावर बंधन घातलं. नियमांचा मसुदा लोकांपुढे यायला 2018 उजाडलं. साठ मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. मराठवाड्यात बोअरवाल्याला दोनशे फुटांची मर्यादा सांगून बघा! तिथं सहाशे-सातशे फुटांच्या गोष्टी चालतात. वरूड-मोर्शीच्या संत्र्याने आणि यावल-रावेरच्या केळीने तर हे तालुके अतिशोषणाच्या चर्चेत वर्षानुवर्षं ठेवले आहेत.

इथं मोजणीचीही अडचण होते. निरीक्षण विहिरी बहुतेक खोदलेल्या, उथळ. त्या वरच्या थराची हकिगत सांगतात. चांगल्या पावसानंतर त्यात पाणी चढतं, अहवालात वाढ दिसते, आणि त्याच शिवारात खालच्या थरातून उपसा चालूच राहतो. त्या पाण्याला पुन्हा भरायला किती वर्षं लागतील, हे खोदलेल्या विहिरीत फीत सोडून कळत नाही. त्यासाठी खोल पिझोमीटर हवेत, पाणलोटागणिक हवेत, आणि ते वाचायला माणूस हवा. पुढच्या योजनेत पहिला खर्च मला तोच पाहायला आवडेल, बंधारे त्यानंतर.