वीस ग्रॅमचा जीव

खारघर स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘टाटा’ म्हटलं तरी पुरतं. उत्सव चौक मागे टाकून तो ओवे कॅम्पच्या बाजूला, सेक्टर २२ मध्ये आणून सोडतो. साठ एकरांचं आवार, पाठीशी खारघरचे डोंगर. फाटकातून आत शिरणाऱ्या बहुतेकांच्या हातात एक फाइल असते आणि फाइलवर केसपेपरचा नंबर. टाटा मेमोरिअल सेंटरचं हे कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षणाचं केंद्र. सगळे त्याला ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात.

याच आवारात आणखी एक वस्ती आहे. तिथे कुणाचे नातेवाईक येत नाहीत. संशोधक तिला ‘ॲनिमल हाउस’ म्हणतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पिंजऱ्यांवर एकेक कार्ड लावलेलं असतं. त्यावर वंशाचं नाव, जन्मतारीख, नर की मादी, कोणत्या प्रकल्पासाठी आणि त्या प्रकल्पाला मिळालेल्या मंजुरीचा क्रमांक, एवढं लिहिलेलं असतं. आतल्या जिवाचं वजन वीस ते तीस ग्रॅम.

पशुजैवतंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्लोन केलेली म्हैस येते, परीक्षानळीतलं वासरू येतं, जनुकांची कापाकापी येते. हे सगळं त्या विद्येत आहेच. पण या विद्येचा पाया यंत्रांत नाही, तो निगेत आहे. जनावराची निगा ज्याला कळते, त्याच्याच हातून खरं विज्ञान घडतं. हे ज्यांना आधी कळलं, त्यांची वाट परळहून खारघरला आली आहे. म्हणून सुरुवात परळपासून करायला हवी.

बैलघोड्याचं परळ

मुंबईकर ज्याला आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात, ते परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं आणि त्यांच्या पत्नीच्या नावाचं. तेव्हाची मुंबई ट्रामच्या घोड्यांवर आणि मालगाड्या ओढणाऱ्या बैलांवर चालत होती. त्या जनावरांच्या जखमा, लंगडणं, ताप यांच्यावर उपचार करता करता शिकवणंही सुरू झालं. १८८६ मध्ये याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालं. जेम्स हेन्री स्टील त्याचे पहिले प्राचार्य. आज हे महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात आहे.

त्याच परळमध्ये १८९९ साली जुन्या गव्हर्नमेंट हाउसात वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. पुढे या संस्थेत घोड्यांच्या रक्तद्रवापासून सर्पदंशावरचं प्रतिविष बनू लागलं. १९४१ मध्ये टाटा मेमोरिअल रुग्णालय उघडलं आणि १९५२ मध्ये त्याच्या शेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. बैलाचा पाय, घोड्याचं रक्त, उंदराची गाठ आणि माणसाचा कर्करोग हे सगळं परळमध्ये चालत जाता येईल इतक्या अंतरावर होतं. माणसांचं वैद्यक आणि जनावरांचं वैद्यक ही दोन वेगळी गावं आहेत, असं आपण मानतो. परळचा नकाशा तसं सांगत नाही.

पुण्याची कमल आणि मुंबईचे उंदीर

कॅन्सर रिसर्च सेंटरचे संस्थापक संचालक होते वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. त्यांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारी एक तरुणी होती कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. मुलगी मात्र पेशींच्या अभ्यासाकडे वळली.

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, बाटलीत मानवी पेशी जिवंत ठेवण्याचं तंत्र गाय यांनी आयुष्यभर घासून घासून घडवलं होतं. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या गाठीतून मिळालेल्या ‘हेला’ पेशी १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या. कमलताई परत आल्या आणि परळला भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

उंदरांवरचं त्यांचं काम समजून घ्यायचं, तर एक मागची गोष्ट सांगायला हवी. अमेरिकन संशोधक जॉन बिटनर यांच्याकडे उंदरांचे असे वंश होते, ज्यांच्या माद्यांना स्तनांचा कर्करोग हमखास व्हायचा. बिटनरनी पिलं जन्मताच आईपासून उचलली आणि कर्करोग नसलेल्या वंशाच्या माद्यांच्या दुधावर वाढवली. त्या पिलांमध्ये कर्करोगाचं प्रमाण खूप घटलं. म्हणजे रोगाचा एक धागा दुधातून येत होता. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून पुढे एक विषाणू सापडला. हा शोध यंत्रानं लावला नाही. कोणतं पिलू कोणत्या मादीला लागतं, ती त्याला जवळ घेते की दूर सारते, हे पाहणाऱ्या डोळ्यांनी लावला.

कमलताईंनी स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, याचा शोध उंदरांत घेतला. मुंबईच्या या संस्थेत ‘आयसीआरसी’ नावाचा उंदरांचा स्वतःचा वंशही तयार झाला. त्याच्या माद्यांना स्तनांच्या गाठी आपोआप होतात. असा शुद्ध वंश मिळवायचा तर भाऊ-बहिणींचं प्रजनन सलग किमान वीस पिढ्या करावं लागतं. उंदराची गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची असली, तरी यात काही वर्षं जातात. एखाद्या दिवशी नोंद चुकली, दोन पिंजऱ्यांतली पिलं मिसळली, की ती सगळी वर्षं वाया. वंश शुद्ध राहतो तो वहीमुळे आणि ती वही रोज लिहिणाऱ्या माणसामुळे.

कमलताईंनी १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचं केंद्र वाशीला आहे, खारघरपासून काही स्थानकांवर. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. कॅन्सर रिसर्च सेंटरचं नाव पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं आणि २००२ च्या सुमारास ही संस्था परळची दाटी सोडून खारघरला आली.

केस नसलेला उंदीर

माणसाची गाठ उंदराच्या अंगात वाढवायची कशी? उंदराचं शरीर परकी पेशी लगेच ओळखतं आणि संपवतं. उत्तर एका केस नसलेल्या उंदरानं दिलं. ग्लासगोत १९६२ मध्ये दिसलेल्या या उंदरांना अंगावर केस नव्हतेच, पण १९६८ मध्ये कळलं की त्यांना थायमस ही ग्रंथीही नाही. छातीतल्या या ग्रंथीत टी पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, तयार होतात. पहारेकरीच नसल्यामुळे या उंदरांत माणसाची गाठ रुजू शकते. डेन्मार्कच्या संशोधकांनी १९६९ मध्ये ते करून दाखवलं. पुढे याहूनही दुबळी प्रतिकारशक्ती असलेले वंश आले. १९८९ मध्ये एखादं ठरावीक जनुक बंद केलेला उंदीर जन्माला आला. त्या तंत्राला २००७ चं नोबेल मिळालं.

असा उंदीर उघड्यावर फार काळ टिकायचा नाही. त्याची हवा गाळलेली, भुसा निर्जंतुक, पाणी निर्जंतुक, हातमोजे निर्जंतुक. प्रतिकारशक्ती काढून घेतलेल्या जिवाची प्रतिकारशक्ती व्हायचं काम सांभाळणाऱ्याकडे येतं.

या लहान जिवांच्या पाठीवरून खारघरला काय आलं, ते ४ जून २०२१ रोजी दिसलं. त्या दिवशी ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात भारतातली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती एका रुग्णाला देण्यात आली. रुग्णाच्याच रक्तातून टी पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून त्यांत एक नवं जनुक घालायचं, कर्करोगाच्या पेशीवरची ‘सीडी-१९’ ही खूण ओळखायला शिकवायचं आणि त्या पेशी शरीरात परत सोडायच्या. हे जनुक आयआयटी मुंबईत रचलं गेलं आणि माणसापर्यंत पोचण्याआधी मानवी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी टोचलेल्या उंदरांत तपासलं गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. नाव ‘नेक्सकार-१९’. परदेशात अशा उपचाराला कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. देशात तयार झाल्यामुळे तो त्याच्या काही अंश खर्चात आला.

बावीस अंशांची थंडी

निगा ही दयेची गोष्ट आहे, असं अनेकांना वाटतं. ती आहेच. पण निगा हा विज्ञानाचाही भाग आहे, आणि त्याचा पुरावा फार बोलका आहे.

जगभरच्या प्रयोगशाळांत उंदीर साधारण बावीस अंश तापमानाला ठेवतात. माणसाला अंगात कोट घालून काम करायला ते बरं. उंदराला मात्र तीस अंशांच्या आसपास आराम वाटतो. बावीसला तो सतत गारठलेला असतो आणि अंग गरम ठेवण्यात शक्ती खर्च करतो. अमेरिकेतल्या रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की तीस अंशांना ठेवलेल्या उंदरांत गाठी हळू वाढतात आणि त्यांची प्रतिकारशक्ती गाठीशी जास्त जोमानं झगडते. वंश तोच. फरक फक्त उबेचा. त्याआधी २०१० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की उंदराला शेपटीला धरून उचललं की तो भेदरतो, आणि नळीतून किंवा ओंजळीत घेऊन उचललं की शांत राहतो. भेदरलेल्या जिवाच्या रक्तात जे मोजाल, ते भीतीचंही माप असतं.

म्हणून पिंजऱ्यात मावेल तेवढाच जमाव, घरटं करायला कागदाच्या पट्ट्या, ठरल्या वेळी दिवा लावणं आणि मालवणं हे लाड नव्हेत. गोठ्यात गाय पान्हा का चोरते, हे ज्या घरात कळतं, त्या घरातल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही.

आपल्या कायद्यानं हा विचार मान्य केला आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० चा आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम १९९८ चे. प्रत्येक संस्थेत नीतिसमिती लागते. तिच्यात पशुवैद्य असावाच लागतो. बाहेरचा शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला समाजातला जाणता सदस्य आणि शासनाचा प्रतिनिधीही असतो. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये तीन प्रश्न मांडले होते: प्राण्याविना चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्रास कमी करता येईल का? भारतानं चौथा जोडला: नंतर त्याच्या पुनर्वसनाचं काय? २०२३ मध्ये औषधचाचण्यांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांशिवायच्या पद्धतींनाही जागा मिळाली. पेशींचे छोटे अवयव, चिपवरची ऊती हे पर्याय वाढत आहेत. उंदराची गरज कमी होत जावी, हे पशुजैवतंत्रज्ञाचंच काम आहे. आपल्याच साधनाची गरज संपवण्यासाठी झटणारी अशी विद्या विरळा.

फलटणची मेंढी

आणि हे ज्ञान जनावराच्या स्वतःच्या मालकापर्यंत, धनगराच्या वाड्यापर्यंतही जातं. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. सुंदरबनातल्या गारोळ या छोट्या मेंढीला जुळी, तिळी होतात, कारण तिच्यात ‘बुरुला’ नावाचं जनुकीय रूप आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हे जनुक दख्खनी मेंढीत आणलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीनं थोड्याशा रक्तावरून ते ओळखण्याची चाचणी वापरात आली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. पण संस्थेचं काम चाचणीवर थांबलं नाही. जुळी कोकरं जगवायला आईला जास्त चारा लागतो, अशक्त कोकराकडे जादा लक्ष लागतं, हे कळपाकळपात जाऊन पाहावं लागलं. जनुक दोन कोकरं देतं. ती मोठी होतात ती धनगराच्या निगेनं.

शिकायचं काय

बारावी विज्ञाननंतर ‘नीट’ देऊन पशुवैद्यकाच्या पदवीला जाता येतं: साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष आंतरवासिता. त्यानंतर पदव्युत्तर पातळीवर पशुजैवतंत्रज्ञान. तिथे पीसीआर, पेशीसंवर्धन, भ्रूण प्रत्यारोपण, जनुकीय लस हे सगळं येतं. पण आधी साडेपाच वर्षं जनावराच्या अंगावर हात ठेवलेला असतो. कान किती गरम आहे, डोळा कसा दिसतो, हे हातांना आणि डोळ्यांना आधीच ठाऊक असतं. हा पाया असलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत गेला की पिंजऱ्यातला उंदीर कुबड काढून कोपऱ्यात बसलाय, केस पिंजारलेत, हे त्याला आकडे येण्याआधी दिसतं.

आपल्या घरांत अजूनही ‘माणसाचा डॉक्टर नाही झाला, म्हणून जनावरांचा झाला’ असं बोललं जातं. हे बोलणं थांबलं पाहिजे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगानं महाराष्ट्रातल्या गोठ्यांत गाई आडव्या केल्या, तेव्हा शेतकरी त्याच डॉक्टरची वाट पाहत होता. आणि खारघरच्या वॉर्डात जो रुग्ण बरा होऊन घरी निघाला, त्याच्या औषधाची वाटही जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालून आली होती.

दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेला करतो, गाय आणि वासरापुढे निरांजन धरून. ज्या जिवांवर आपण जगतो, त्यांना आधी ओवाळायचं, हा त्यातला विचार. ॲनिमल हाउसमध्ये निरांजन नेता येत नाही. तिथली हवा गाळलेली असते. तिथे कृतज्ञता दाखवायची एकच रीत आहे. रोज सकाळी पिंजरा उघडण्याआधी कार्ड वाचायचं, आत कोण आहे ते पाहायचं, आणि रुग्णाच्या केसपेपरवर लिहितात तितक्याच काळजीनं त्यावर आजची नोंद करायची.