केडगावच्या पंडितेचे प्रवासवृत्त

विद्यासंस्कार : आईवडिलांसमवेत तीर्थयात्रेत पायी हिंडता हिंडता, मातोश्री लक्ष्मीबाईंच्या मुखातून संस्कृत पाठ घेत जिचे बालपण गेले, त्या पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) ग्रंथ आणि प्रवास हे दोन्ही एकाच वेळी लाभले.

परदेशवास : १८८३ साली त्या विलायतेस गेल्या, वाँटेज व चेल्टनहॅम येथे अध्ययन-अध्यापन करून, १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियास पोहोचल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या.

ग्रंथ : ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९). तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण व स्त्रियांच्या संस्था यांचे मुक्तकंठाने कौतुक करतानाच, कृष्णवर्णीयांवर व मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाचीही त्यांनी निर्भीडपणे नोंद केली. परदेशाकडे दिपून न जाता पाहणारी ही दृष्टी आजही अनुकरणीय आहे.

केडगाव : आजच्या दौंड तालुक्यातील मौजे केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन हा आश्रम वसविला. तेथील छापखान्यात आश्रमातील मुली खिळे जुळवीत, आणि हिब्रू व ग्रीक शिकून बाईंनी मराठीत उतरविलेले बायबल तेथेच छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच त्यांचे देहावसान झाले.