घरच्या शाळेतले दीड वर्ष

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो, तोच आमच्या बीड जिल्ह्यातले रस्ते हलू लागतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, कोणत्याही फाट्यावर उभे राहा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, गोधड्या, एखादी शेळी आणि या सगळ्यांच्या वर बसलेली पोरे दिसतील. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला निघालेली ही माणसे उन्हाळा लागल्यावरच गावी परतायची. नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली की कोयता बांधला गेला. पोरांची मोजदाद त्यात नसते.

गावाकडची आमची थोडीशी शेती असेच एक जोडपे बटईने करते. 2021 च्या दिवाळीनंतर कारखान्यावर जाण्याआधी ती बाई हिशेबासाठी अंबाजोगाईला आमच्या घरी आली. दुपारचे बारा वाजले होते आणि आमची धाकटी मुलगी ओसरीवर आजीजवळ वही घेऊन बसली होती. बाईने विचारले, "ताई, पोरीला बरं नाही का?"

"बरी आहे. आता ती घरीच शिकते," आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले.

बाई थोडा वेळ मुलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आमची बी घरीच असती की. पर शिकवतं कोण?"

तिची मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची. धाकट्या भावाला सांभाळायला ती त्या वर्षी आईबरोबर फडावर जाणार होती. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होती. पण फडावर तान्ह्याला कोणाच्या हवाली करायचे, याचे उत्तर वसतिगृहाजवळ नव्हते.

मी मराठीचा प्राध्यापक. व्यासपीठावरून 'शिक्षण' या विषयावर तास-दीड तास बोलण्यास मला कधी तयारी लागलेली नाही. त्या दुपारी मात्र मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसलो, हे कबूल केले पाहिजे.

मुलीला घरी ठेवण्याचे आम्ही काही तत्त्वज्ञान म्हणून ठरवले नव्हते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती तिसरीत होती. पुढे दीड वर्ष सगळ्या महाराष्ट्राचीच शाळा घरी भरली. कोणी मोबाइलवर, कोणी सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली'वर, आणि पुष्कळांनी कशावरच नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये पाचवीचे वर्ग उघडले. आमची मुलगी बोलताना अडखळते. पूर्वीही अडखळायची, पण इतक्या दिवसांनी चाळीस मुलांसमोर उभे राहायचे म्हटल्यावर तिच्या तोंडून स्वतःचे नावसुद्धा फुटेना. वर्ग हसला. हसणाऱ्या मुलांचा मला तितकासा राग नाही. पण फळ्यापाशी उभे असलेलेही हसले, आणि मुलीने दुसऱ्या दिवशी दप्तर उचलले नाही. आठ दिवस समजूत घातली, आमिषे दाखवली, एकदा मी आवाजही चढवला. अखेर ठरले, की काही दिवस राहू दे घरी. ते काही दिवस दीड वर्ष चालले.

पहिल्या आठवड्यात आम्ही हुबेहूब शाळाच मांडली. भिंतीवर वेळापत्रक, पस्तीस मिनिटांचा तास, मधली सुट्टी. देवघरातली घंटाही मी वाजवून पाहिली. तिसऱ्या आठवड्यात वेळापत्रकाचा कागद गळून पडला, तो पुन्हा कोणी चिकटवला नाही. एकाच मुलाला शिकवायचे असले की शाळेतला दिवसभराचा अभ्यास दोन-अडीच तासांत उरकतो, हा आमचा पहिला शोध. हजेरी नाही, रांग नाही, मागे राहिलेल्यांसाठी थांबणे नाही. मग उरलेल्या दिवसाचे करायचे काय?

येथे घराचे गुण दिसू लागतात. अपूर्णांक तिला पुस्तकात उमगले नव्हते. अनारशाचे पीठ भिजवताना उमगले. शेरास पावशेर, पावशेराचा निम्मा हे आजीच्या तोंडचे गणित तिने ग्रॅममध्ये बसवून दाखवले. भूगोल बालाघाटच्या डोंगरात फिरून झाला. मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरताना दगडाचे थर दाखवता येतात, आणि मराठीतल्या आद्य ग्रंथकारांपैकी एक येथे विसावला, हेही सांगून होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की आजीबरोबर हरिपाठ म्हणताना ती अडखळत नसे. अनेकांच्या सुरात सूर मिसळला की अडखळणाऱ्याची जीभ मोकळी होते, हे या विषयातले जाणकार सांगतातच. आम्ही ते रोज तिन्हीसांजा ऐकत होतो. हरिपाठावरून ती आजीला मोठ्याने वाचून दाखवण्यावर आली. आजीची दृष्टी अधू. त्यामुळे वाचणारीला आपण परीक्षा देत नसून उपकार करत आहोत असे वाटे. वर्षभरात तिने एवढी पुस्तके वाचली, की माझ्या पदवीच्या वर्गातल्या काही चिरंजिवांना तिच्याजवळ बसवावेसे वाटे. असो.

हे झाले सकाळचे. दुपारी साडेचारला गल्लीतली मुले शाळेतून परतत आणि आमची मुलगी फाटकाशी जाऊन उभी राही. मुले पाच-दहा मिनिटे बोलत, पण त्यांचे बोलणे त्या दिवशी वर्गात काय झाले याचे. त्यात हिला शिरायला फट नसे. हळूहळू ती फाटकाऐवजी खिडकीत उभी राहू लागली. वाढदिवसाला कोणाला बोलवायचे, असे विचारले तेव्हा तिने आजी, मावशी आणि ग्रंथालयातले शिपाईकाका अशी तीन नावे सांगितली. आम्ही हसलो, रात्री दोघांनाही झोप आली नाही.

जुलै 2022 मध्ये शाळाबाह्य मुले शोधण्याची सरकारी मोहीम निघाली. एक गुरुजी यादी घेऊन आमच्या दारी आले. मला पाहून ते बिचारे ओशाळले. त्यांच्या तक्त्यात शाळेत न जाण्याच्या कारणाचा रकाना होता, आणि त्यात ओळीने 'स्थलांतर', 'स्थलांतर' असेच लिहिलेले. आमच्या नावापुढे काय लिहावे याचा त्यांना उलगडा होईना. चहा घेता घेता त्यांनीच मला कायदा समजावून सांगितला. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे कलम 10 प्रमाणे पालकाचे कर्तव्य आहे. पण न घातल्यास पालकाला शिक्षा अशी सांगितलेली नाही. घरी शिकवण्यास स्पष्ट परवानगीही नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. "मुलगी परत येईल तेव्हा वयाप्रमाणे वर्ग मिळेल, सर. एवढं लक्षात ठेवा," असे म्हणून गुरुजी उठले. त्या रकान्यात त्यांनी शेवटी काय लिहिले, ते मी विचारले नाही.

घरी शिकवणे ही हल्लीच्या पुण्या-मुंबईची फॅशन आहे असे समजणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. आमच्या आजोबांची पिढी निजामी राज्यात शाळेत उर्दूतून शिकली आणि मराठी घरात शिकली. स्त्रियांचे तर बहुतेक सगळे पहिले शिक्षण घरातलेच: सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवले, रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी. पण आईबापांनी घरी शिकवल्याचे खरे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे.

1858 साली गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी कोणत्याही शाळेत गेली नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून स्वकीयांचा रोष ओढवून घेतला होता. रमाबाईंच्या वेळी मात्र ते थकले होते. मुलीला शिकवले ते आईने. घरकामाचा रामरगाडा सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, झोपेतल्या मुलीला लाडीगोडीने उठवून लक्ष्मीबाई पाठ देत. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रेला लागले आणि चालता चालताच शिक्षण झाले. भागवत मुखोद्गत असलेली ही तरुणी 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली, तेव्हा तेथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

आपण येथेच टाळ्या वाजवून थांबतो. रमाबाईंनी स्वतः मात्र पुढचेही लिहून ठेवले आहे. आईवडिलांनी मुलांना बाहेरच्या जगाचा वारा लागू दिला नाही. पुराण सांगण्यापलीकडे पोट भरण्याची विद्या त्यांना कोणी दिली नव्हती, आणि अंगमेहनतीचे काम करणे कुळाच्या व विद्येच्या अभिमानाला मानवणारे नव्हते. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा एवढे विद्वान कुटुंब उपाशी राहिले. वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. हीच रमाबाई 1882 मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना शिकलेल्या शिक्षिका हव्यात म्हणून आग्रह धरते आणि 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढते. घरी शिकलेल्या बाईने दुसऱ्यांच्या मुलींसाठी शाळा काढली, याचा मला या दीड वर्षात वारंवार विचार करावा लागला.

गांधीजींनीही दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत घातले नाही. कचेरीत जातायेता पायी चालताना ते मुलांशी बोलत आणि शिकवत. मुलांना हवा तितका वेळ आपण देऊ शकलो नाही आणि मुलांची त्याबद्दल तक्रार राहिली, हे 'सत्याचे प्रयोग' मध्ये त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. त्या प्रकरणाशी मी पूर्वी कधी थांबलो नव्हतो.

कारण आमच्याकडेही तोच प्रकार होता. लोक मला म्हणत, "प्राध्यापक घरात असल्यावर शाळा कशाला हवी?" मी मान डोलावून ते स्वीकारी. खरे असे की मी सकाळी महाविद्यालयात, दुपारी पेपर तपासण्यात, संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या समारंभात. शिकवत होती ती मुलीची आई. एका विनाअनुदानित शाळेत ती विज्ञान शिकवायची; पगार तुटपुंजा, पण हक्काचा. मुलीसाठी तिने ती नोकरी सोडली. ठरवताना आमच्यात चर्चा अशी झालीच नाही. ती सोडणार हे दोघांनी गृहीत धरले, आणि मी तर जरा जास्तच.

2016 मध्ये मुंबईच्या एका मुलीची बातमी सगळीकडे गाजली. सातवीनंतर शाळा सोडून ती घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली. बारावी नसल्याने आपल्या आयआयटीची दारे तिला बंद होती, हेही त्या बातमीत होते. आमचे नातेवाईक ती बातमी आम्हाला धीर देण्यासाठी पुनःपुन्हा पाठवत. त्या मुलीच्या आईनेही आपले काम सोडले होते, ही ओळ मात्र कोणी खूण करून पाठवली नाही. परीक्षेची चिंता तशी फार करू नये. मुक्त विद्यालय आहे, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झालेली माणसे मराठवाड्यात गल्लोगल्ली भेटतील.

जून 2023 मध्ये मुलगी शाळेत परत गेली. आम्ही पाठवली नाही, तिनेच काढले. "आई, मला भांडायला कोणीतरी पाहिजे," असे काहीसे ती अडखळत म्हणाली. शाळा दुसरी निवडली. आधी दोघे जाऊन वर्गशिक्षिकेला भेटलो; हजेरीच्या वेळी नाव तिनेच घ्यावे आणि मुलीने नुसता हात वर करावा, एवढे मागितले. बाईंनी मान्य केले. सातवीत वयाप्रमाणे प्रवेश मिळाला. गणितात थोडी मागे, वाचनात पुष्कळ पुढे. अजूनही ती अडखळते. आता तिची एक मैत्रीण आहे, ती हिचे वाक्य पुरे होईपर्यंत शेंगदाणे खात वाट पाहते.

सौभाग्यवतींची जागा शाळेने केव्हाच भरली होती. त्या आता घरी शिकवण्या घेतात. बटईवाल्या बाईची मुलगीही संध्याकाळी त्यांच्यात बसते, पण जून ते दिवाळीच. या वर्षी गावात तिच्या आजीची सोय लागते का, ते अजून ठरायचे आहे.

परवा पुण्याहून एका स्नेह्यांचा फोन आला. दोघे नवराबायको संगणकाच्या कंपनीत. मुलाला चौथीतून काढून घरी शिकवावे असे मनात आहे, तुमचा अनुभव सांगा, म्हणाले. मी हरिपाठापासून सुरुवात करणार होतो, तेवढ्यात सौभाग्यवतींनी फोन माझ्या हातून घेतला आणि विचारले, "भाऊजी, नोकरी कोण सोडणार आहे?"

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग, दोघे बोलून कळवतो, असे ते म्हणाले. अजून फोन आलेला नाही.